घटक ४ : उभयचर प्राण्यांतील अपत्यसंगोपन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ‘अपत्यसंगोपन’ आणि ‘पालकीय गुंतवणूक’ या संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मुंबईच्या उपनगरांत व सह्याद्रीत आढळणाऱ्या उभयचरांच्या प्रजननपद्धतींची तुलना करता येईल.
• संगोपन करणाऱ्या प्रजाती विशिष्ट अधिवासावर अधिक अवलंबून का असतात, हे सांगता येईल.
• प्राणिवर्तनाचे वर्णन करताना मराठीत शब्दांची निवड कशी करावी, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला की बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील मोकळ्या भूखंडांवर आणि डोंगरउताराच्या डबक्यांत रात्री बेडकांचे ओरडणे सुरू होते. आपल्यापैकी अनेकांनी कामावरून उशिरा परतताना ते ऐकले असेल. चारसहा दिवसांनी त्याच डबक्यात काळ्या ठिपक्यांसारखे असंख्य भैकेर, म्हणजेच बेडूकमासे, वळवळताना दिसतात. त्यांचे आईबाप मात्र कोठेच दिसत नाहीत. त्यावरून ‘बेडूक अंडी घालून निघून जातो, त्याला पिल्लांचे काही नसते’ असा समज रूढ झाला आहे.

हा समज निम्मा खरा आहे. बहुसंख्य बेडूक अंडी घालून निघून जातात, हे खरेच. तथापि जगातील बेडकांच्या सुमारे दहा ते वीस टक्के प्रजातींत अंड्यांची किंवा पिल्लांची कोणत्या ना कोणत्या प्रकारे राखण केली जाते. त्यांपैकी काही प्रजाती आपल्या महाराष्ट्रात, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर राहतात. अशी राखण कोण करतो, कशासाठी करतो आणि त्यासाठी कोणती किंमत मोजतो, हे या घटकात आपण पाहणार आहोत. निसर्गविषयक मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयातून भाषेविषयीही काही शिकता येते. त्याचा विचार घटकाच्या शेवटी केला आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संगोपन कशास म्हणावे?

उभयचरांच्या अंड्याला पक्ष्याच्या अंड्यासारखे कठीण कवच नसते. त्याभोवती केवळ जेलीसारखे पारदर्शक आवरण असते. त्यामुळे ते उन्हात सुकते, त्यावर बुरशी चढते आणि मासे, कीटक, साप, खेकडे त्याचा सहज फडशा पाडतात. या संकटांवर मात करण्याचे अनेक मार्ग उत्क्रांतीच्या ओघात निर्माण झाले. त्या सर्वांनाच ‘संगोपन’ म्हणता येत नाही.

रॉबर्ट ट्रायव्हर्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ‘पालकीय गुंतवणूक’ ही संकल्पना मांडली. एखाद्या अपत्याच्या जगण्याची शक्यता वाढविण्यासाठी पालक जे काही खर्ची घालतो आणि ज्यामुळे इतर अपत्यांसाठी खर्च करण्याची त्याची क्षमता कमी होते, ते सर्व या संकल्पनेत येते. अंड्यात भरलेला पिवळा बलक ही गुंतवणूकच होय. संगोपन ही त्याहून मर्यादित संज्ञा आहे. अंडी घातल्यानंतर किंवा पिल्ले जन्मल्यानंतर पालकाने केलेले, संततीचा जीव वाचविण्यास उपयोगी पडणारे वर्तन म्हणजे संगोपन.

एखादे वर्तन संगोपन आहे किंवा नाही हे ठरविताना तीन प्रश्न विचारावेत : पालक प्रत्यक्ष काही करतो काय? त्याचा संततीला लाभ होतो काय? आणि त्यासाठी पालकाला काही गमवावे लागते काय? ही कसोटी लक्षात ठेवून पुढील उदाहरणे वाचावीत.

४.३.२ उपनगरातील बेडूक : संख्येचा मार्ग

मुंबईच्या उपनगरांत सहज दिसणाऱ्या तीन उभयचरांपासून आरंभ करू.

पहिला, मोठा बेडूक. ज्याला इंग्रजी नावावरून ‘इंडियन बुलफ्रॉग’ म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर याचे नर पिवळेधमक होतात आणि उथळ पाण्यात एकत्र जमून ओरडतात. मादी हजारो अंडी घालते आणि नरमादी दोघेही निघून जातात. दुसरा, अंगावर चामखिळीसारखे उंचवटे असलेला भेक. तो इमारतींच्या आवारात, दिव्याखाली किडे टिपताना दिसतो. त्याची मादी पाण्यात जेलीच्या लांबच लांब माळा सोडते. या माळांत हजारो अंडी असतात. त्यांचीही राखण होत नाही.

तिसरे उदाहरण झाडबेडकाचे. हा सडपातळ, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला बेडूक पावसाळ्यात भिंतीवर, न्हाणीघरात वा पाण्याच्या टाकीजवळ चिकटलेला आढळतो. चुन्याच्या भिंतींवर दिसणारा म्हणून इंग्रजीत त्याला ‘चुनाम फ्रॉग’ असेही नाव पडले. अंडी घालताना मादी शरीरातून स्रवलेला द्रव मागच्या पायांनी घुसळते आणि त्याचा पांढरा फेस करते. हे फेसाचे घरटे पाण्यावर झुकलेल्या पानावर, फांदीवर किंवा टाकीच्या काठावर चिकटविलेले असते. फेसाचा बाहेरचा थर सुकतो, आतील भाग ओला राहतो. काही दिवसांनी भैकेर फेसातून निसटून खालच्या पाण्यात पडतात.

येथे आपली कसोटी लावून पाहावी. फेस घुसळण्यात मादीची शक्ती खर्च होते, अंड्यांचेही रक्षण होते. पण घरटे तयार झाल्यावर ती तेथे थांबत नाही. म्हणून अनेक अभ्यासक या वर्तनाला संगोपनाच्या उंबरठ्यावरचे वर्तन मानतात.

या तिन्ही बेडकांचा हिशेब एकच आहे : अंडी पुष्कळ घालावीत आणि उरतील ती उरतील. हजारांतील दोनचार जगली तरी वंश चालतो. हा हिशेब चुकीचा नाही. थोड्या दिवसांत आटणाऱ्या डबक्यासाठी तो अगदी योग्य आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) अंड्यातील बलक हे संगोपन का म्हणता येत नाही?
(आ) झाडबेडकाचे फेसाचे घरटे कोणत्या संकटापासून अंड्यांचे रक्षण करते?

४.३.३ सह्याद्रीतील राखणदार पिता

आता उपनगरांच्या सपाटीवरून सह्याद्रीच्या ओढ्यांकडे वळू. खंडाळा, महाबळेश्वर, कोयना या परिसरातील झऱ्यांच्या काठी सुरकुतलेल्या त्वचेचा एक निशाचर बेडूक राहतो. त्याचे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. भादुरी आणि कृपलानी या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे नाव त्याला दिले. इंग्रजीत तो ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ म्हणून ओळखला जातो. आपण त्यास ‘रातबेडूक’ म्हणू.

पावसाळ्याच्या रात्री रातबेडकाचा नर ओढ्यावर झुकलेले पान, खडक किंवा झाडाचे खोड निवडतो आणि तेथे बसून साद घालतो. दुसरा नर जवळ आल्यास त्याच्याशी झुंजतो. सातारा जिल्ह्यातील हुंबर्ली गावाजवळ या बेडकाचे अनेक रात्री निरीक्षण करण्यात आले. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट मिठी मारतो आणि अंडी बाहेर पडताना त्यांवर शुक्रद्रव सोडतो. रातबेडकाचा नर मात्र मादीच्या पाठीवर येतो, पण हात पानावर किंवा खोडावर टेकवितो. तो मादीच्या पाठीवर शुक्रद्रव सोडतो आणि बाजूला होतो. त्यानंतर मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या द्रवाने ती फलित होतात. बेडकांच्या मिलनाचा हा नवा प्रकार होता. या प्रजातीची मादीही साद घालते, हेदेखील त्याच अभ्यासात नोंदले गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. अंडी घालून मादी निघून जाते. नर मात्र आपल्या जागी, अंड्यांच्या सान्निध्यात राहतो. कालांतराने दुसरी मादी त्याच जागी येऊन अंडी घालू शकते. त्यामुळे एकाच नराच्या ताब्यात वेगवेगळ्या वयाची अंडी असू शकतात. अंड्यांतून बाहेर पडलेले भैकेर थेट खालच्या ओढ्यात पडतात.

राखण मादीने न करता नराने का करावी? त्याची दोन कारणे संभवतात. एक, फलन शरीराबाहेर आणि नराच्या स्वतःच्या जागेत होत असल्याने ती अंडी आपलीच असण्याची शक्यता त्याच्या बाबतीत मोठी असते. दुसरे, साद घालण्यासाठी त्याला तेथे बसायचेच असते. त्यामुळे राखणीचा जादा खर्च त्याला कमी पडतो. मादीला मात्र नवी अंडी तयार करण्यासाठी भक्ष्य शोधत फिरावे लागते.

४.३.४ कुंभार बेडूक

याच कुळातील आणखी एक बेडूक गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडतो. के. व्ही. गुरुराज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘कुंबारा’ हे नाव दिले. कन्नडमधील या शब्दाचा अर्थ आपल्या ‘कुंभार’ शब्दासारखाच आहे. नाव सार्थ आहे : मादीने ओढ्यावरील काटकीवर किंवा खडकावर अंडी घातल्यावर नर ओढ्याच्या तळातून चिखल उचलतो आणि अंड्यांवर लिंपतो. या लेपामुळे अंडी सुकण्यापासून आणि भक्षकांच्या नजरेपासून वाचत असावीत, असे अभ्यासक मानतात.

झाडबेडकाची मादी फेस करून निघून जाते. कुंभार बेडकाचा नर अंडी घातल्यानंतर लिंपण्याचे श्रम करतो. या दोहोंतील फरक ध्यानात घेतल्यास संगोपनाची व्याख्या अधिक स्पष्ट होईल.

४.३.५ देवगांडूळ : मातेची राखण

उभयचरांत बेडकांखेरीज देवगांडुळांचाही समावेश होतो. पाय नसलेले, जमिनीखाली राहणारे हे प्राणी दिसायला गांडुळासारखे असले तरी त्यांना पाठीचा कणा आणि जबडा असतो. अनेकांना ते साप वाटतात आणि निष्कारण मारले जातात. सह्याद्रीत त्यांच्या अनेक प्रजाती आहेत.

अंडी घालणाऱ्या देवगांडुळांत राखण माता करते. ओलसर मातीतील पोकळीत ती अंड्यांभोवती वेटोळे घालून राहते. ईशान्य भारतातील चिकिलिडी या कुळाचे वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील माता दोन ते तीन महिने अंड्यांभोवती वेटोळे घालून राहते, असे आढळले. केनियातील एका प्रजातीची पिल्ले आईच्या त्वचेचा पोषक बाह्यथर कुरतडून खातात, असे २००६ मध्ये दिसून आले. ब्राझीलमधील एका प्रजातीची माता पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावावरून परिचित झालेले ‘गेगेनिऑफिस शेषाचारी’ हे देवगांडूळ अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. आशियातील पिल्ले प्रसवणारे पहिले ज्ञात उभयचर म्हणून त्याची नोंद २००८ मध्ये झाली. कोकणच्या मातीखालील या प्राण्याचे नाव जगभरच्या शास्त्रीय वाङ्मयात पोहोचले आहे; आपल्याकडे ते फारसे कोणास ठाऊक नाही.

४.३.६ राखणीचा उपयोग होतो हे कसे कळते?

पालक अंड्यांजवळ बसला एवढ्यावरून तो राखण करतो, असे म्हणता येत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. दक्षिण सह्याद्रीत ‘राओर्चेस्टिस चालाझोडिस’ नावाचा लहान झुडूपबेडूक वेळूच्या पोकळ पेरात राहतो. मादी पेरात अंडी घालते आणि नर तेथे थांबतो. तमिळनाडूत काम करणाऱ्या अभ्यासकांनी काही पेरांतील नर बाजूला काढले आणि काहींतील तसेच ठेवले. ज्या पेरांत बाप नव्हता तेथील अंडी मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. विशेष म्हणजे ती खाणाऱ्यांत त्याच प्रजातीचे इतर नर प्रमुख होते. म्हणजे बापाची मुख्य लढाई परक्या शत्रूशी नसून स्वजातीयांशी होती. तुलना केली नसती तर हे कळले नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) रातबेडकाच्या नराला राखणीचा जादा खर्च कमी का पडतो?
(आ) झुडूपबेडकावरील प्रयोगात तुलना कशाची केली गेली?

४.३.७ संगोपनाची किंमत

येथवरच्या उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येईल. जो बेडूक राखण करतो त्याची अंडी थोडी असतात आणि त्याला जागा सोडता येत नाही. जो राखण करीत नाही त्याची अंडी पुष्कळ असतात आणि त्याला काही आठवडे टिकणारे पाणी पुरते. म्हणून दोघांवर येणारी संकटेही वेगळी असतात.

संख्येवर विसंबणाऱ्याचे नुकसान संख्या घटविल्याने होते. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे आणि त्यासाठी मुख्यतः मोठे बेडूक पकडले जात. प्रजननासाठी ते एकत्र जमले की पकडणेही सोपे. ज्यांचे नाव रातबेडकाला मिळाले त्याच हुमायून अब्दुलअली यांनी या निर्यातीविरुद्ध लेखन केले. १९८७ मध्ये ती बंद झाली.

राखण करणाऱ्याचे नुकसान एक जागा बिघडल्यानेही होते. ओढ्यावर झुकलेली फांदी तोडली, ओढ्याचे काठ सिमेंटने बांधले, पाणी वळविले, तर रातबेडकाला बसायला ठिकाण उरत नाही. थोडी अंडी गमावणे त्याला परवडत नाही. जिवाची सर्व मदार एका ठिकाणी ठेवणे हेच त्याचे बळ आणि हाच त्याचा धोका.

मुंबईच्या संदर्भात हा विचार महत्त्वाचा ठरतो. बोरिवली ते मुलुंड यांच्या दरम्यान पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. विहार आणि तुळशी हे तलाव या वनक्षेत्रात आहेत आणि दहिसर नदीचा उगम तुळशीच्या परिसरात होतो. उद्यानातील झऱ्यावर पाने झुकलेली असतात, पाला साचलेला असतो, माती ओलसर असते. तेच पाणी उपनगरात उतरते तेव्हा अनेक ठिकाणी दोन भिंतींमधील गटार होते. तेथे फेसाचे घरटे लावण्यास पानही मिळत नाही. पेव्हर ब्लॉक बसविलेल्या आवारात डबके साचत नाही, तेथे संख्येचा मार्गही बंद होतो. उभयचरांची त्वचा पाणी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये शोषून घेते. त्यामुळे साबण, तेल आणि कीटकनाशके यांचा परिणाम त्यांच्यावर लवकर होतो.

एकदा हरवलेली संगोपनपद्धती परत मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील एका बेडकाची मादी फलित अंडी गिळून जठरात वाढवीत असे आणि पूर्ण वाढलेली पिल्ले तोंडावाटे बाहेर सोडीत असे. १९७३ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि पुढील दशकाच्या आरंभीच तो निसर्गातून नाहीसा झाला. पाचक आम्ल रोखून धरण्याची त्याची किमया पुरती अभ्यासण्याआधीच ती आपल्या हातून निसटली.

४.३.८ भाषेचा प्रश्न

या विषयावर मराठीत लिहिताना दोन चुका संभवतात. पहिली, ‘ममता’, ‘त्याग’, ‘वात्सल्य’ यांसारखे शब्द बेडकाला सरसकट लावणे. नर अंड्यांजवळ बसतो हे निरीक्षण आहे. त्याला पिल्लांचा लळा आहे हे अनुमान आहे आणि त्याला आधार नाही. दुसरी चूक याउलट : भाषा इतकी रुक्ष करणे की वाचकाला त्या प्राण्याविषयी काहीच वाटू नये. ‘राखण’, ‘लिंपणे’, ‘वेटोळे घालणे’, ‘साद’ हे आपले रोजचे शब्द कृतीचे नेमके वर्णन करतात आणि भावनेचा आरोपही करीत नाहीत. शास्त्रीय गद्याला असे शब्द हवे असतात.

रूढ अलंकारांकडेही पुन्हा पाहावे. संकुचित दृष्टीच्या माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणतो. एकच जागा धरून बसणारा बेडूक हे आपल्याला अज्ञानाचे चिन्ह वाटते. रातबेडूक तर आपली जागा सोडत नाही म्हणूनच त्याची अंडी जगतात. शब्दप्रयोग टाकून द्यावा असे नव्हे. तो वापरताना त्यातील प्राणी प्रत्यक्षात काय करतो हे ठाऊक असावे.

४.४ सारांश

संगोपन म्हणजे अंडी घातल्यानंतर संततीच्या रक्षणासाठी पालकाने केलेले वर्तन. मोठा बेडूक आणि भेक राखण करीत नाहीत. झाडबेडूक फेसाचे घरटे करून निघून जातो. सह्याद्रीतील रातबेडूक व कुंभार बेडूक यांत नर, तर देवगांडुळांत मादी अंड्यांची काळजी घेते. राखणीचा उपयोग तुलनात्मक प्रयोगाने सिद्ध करता येतो. राखण करणारी प्रजाती विशिष्ट जागेशी बांधलेली असते. म्हणून तिला वाचविणे म्हणजे ती जागा वाचविणे होय.

४.५ पारिभाषिक शब्द

उभयचर – पाणी व जमीन या दोहोंशी जीवनक्रम निगडित असलेला पृष्ठवंशीय प्राणी.
भैकेर – बेडकाची शेपटी असलेली जलचर बाल्यावस्था, बेडूकमासा.
अधिवास – प्राण्याचे नैसर्गिक राहण्याचे ठिकाण.
फलन – शुक्रपेशी व अंडपेशी यांचा संयोग.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बलक ही अंडी घालण्यापूर्वीची गुंतवणूक आहे, ते अंडी घातल्यानंतरचे वर्तन नव्हे. (आ) प्रामुख्याने सुकण्यापासून.
प्रश्न २ : (अ) साद घालण्यासाठी त्याला त्याच जागी बसावे लागते. (आ) नर बाजूला काढलेल्या आणि नर तसाच ठेवलेल्या पेरांतील अंड्यांची.

४.७ स्वाध्याय

१. ‘राखण न करणे हाही एक यशस्वी मार्ग आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. रातबेडूक व कुंभार बेडूक यांच्या प्रजननवर्तनातील साम्यभेद लिहा.
३. बेडूक या प्राण्यावर आधारलेले मराठीतील तीन शब्दप्रयोग निवडून ते प्रत्यक्ष प्राण्याशी कितपत जुळतात, ते सुमारे २०० शब्दांत लिहा.

४.८ क्षेत्रीय कार्य

जुलै महिन्यात आपल्या घराजवळील एखादे डबके, तलावाचा काठ किंवा बागेतील टाकी निवडा आणि सलग तीन आठवडे दर रविवारी सकाळी तेथे जा. अंडी, फेसाची घरटी, भैकेर यांपैकी काय दिसते, पाणी किती उरले, काठावर झुकलेली झाडे आहेत काय, यांची नोंद करा. अंडी किंवा भैकेर घरी आणू नयेत आणि त्यांना हात लावू नये. राष्ट्रीय उद्यानात केवळ प्रवेशाच्या वेळेत व नियमानुसार जावे. नोंदींत जे डोळ्यांनी पाहिले ते आणि त्यावरून जे वाटले ते स्वतंत्र रकान्यांत लिहावे. हा भेद पाळण्याची सवय झाली की या घटकाचा मुख्य हेतू साध्य झाला असे समजावे.